जानेवारी बरोबर, तर ‘फारम’ चूक कसा?



गावोगावच्या गटांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते. कुणाचा हप्ता किती थकला हे वही न उघडता सांगणारी बाई बँकेत गेली की मागे उभी राहते. पुढे कोण असतं? बारावी झालेली सून, नाहीतर मुलगी. असं का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: “तिला ते शब्द नीट बोलता येतात. आम्ही आपलं फारम म्हणतो, लोकं हसतात.”

म्हणून या वेळी थोडा वेगळा विषय घेतला आहे. रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द ठिकाणाठिकाणी वेगळे का बोलले जातात, त्यात चूक-बरोबर असतं का, आणि गटाचं नि घरचं काम करताना उच्चाराची काळजी कुठे करायची, कुठे अजिबात करायची नाही, हे समजून घेऊ. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

एकच शब्द, पाट्या वेगवेगळ्या

आधी बँकेचीच पाटी बघा. आपल्याकडे मराठीत लिहितात ‘बँक’. हिंदी पाटीवर असतं ‘बैंक’. गुजरातीत ‘बेंक’. कर्नाटकात गेलात तर कन्नड पाटीवर ‘ब्यांक’ लिहिलेलं असतं, बंगालमध्येही तसंच. पैसे तेच, व्यवहार तोच, आणि या सगळ्या पाट्या बरोबर आहेत.

पोलिसांचं तसंच. आपल्या गाडीवर ‘पोलीस’, दिल्लीच्या गाडीवर ‘पुलिस’. दोन्ही सरकारीच. आपण मत देतो त्याला इंग्रजीत व्होट म्हणतो, हिंदीत ते ‘वोट’ होतं आणि बंगालीत चक्क ‘भोट’. तिथल्या पेपरात, पोस्टरवर भोटच छापतात. कारण बंगाली बोलीत आपल्यासारखा व नाही, त्याच्या जागी भ किंवा ब येतो.

आता आपल्या गटाची इतिवृत्ताची वही उघडा. वर तारीख असते: जानेवारी, फेब्रुवारी, ऑगस्ट, डिसेंबर. हे सगळे परके शब्द. इंग्रज माणूस म्हणतो ‘जॅन्युअरी’. लंडनमध्ये कुणी ‘जानेवारी’ म्हणत नाही. हिंदीवाले ‘जनवरी’ म्हणतात, ‘फरवरी’, ‘अगस्त’, ‘सितंबर’ म्हणतात. आपण सगळ्या जणी, शिकलेल्या-न शिकलेल्या, कलेक्टर साहेबसुद्धा, ‘जानेवारी’च म्हणतो आणि कुणी कुणाला हसत नाही.

आता सांगा, जॅन्युअरीचं जानेवारी झालं ते शुद्ध, आणि फॉर्मचं फारम झालं ते अशुद्ध, हे कुणी ठरवलं?

जीभ असं का करते?

तान्ह्या बाळाला कुठल्याही भाषेतले आवाज वेगवेगळे ओळखता येतात. पण साधारण वर्षाचं होईपर्यंत त्याचा कान घरच्या भाषेला बसतो. घरात जे आवाज ऐकू येतात ते पक्के होतात, जे येत नाहीत ते मागे पडतात. मग पुढे परका शब्द आला की जीभ त्याला आपल्या घरच्या साच्यात घालते. आपण मोदकाच्या साच्यात सारण भरतो ना, तसंच.

म्हणून बाहेरच्या राज्यातून आलेला माणूस कितीही वर्षं इथे राहिला तरी ‘चांगला’ या शब्दातला च त्याला जमत नाही, तो ‘चहा’तलाच च लावतो. आणि म्हणूनच साहेबाला ‘ठाणे’ म्हणता येईना. जुन्या इंग्रजी कागदांत ठाण्याचं ‘टाना’ नि पुण्याचं ‘पूना’ झालेलं दिसतं.

जीभ शब्द बदलते तेव्हा कसाही बदलत नाही. तिचे नियम असतात. काही नियम आपण रोज पाळतो, फक्त त्यांना नियम म्हणत नाही.

पहिला नियम सुरुवातीच्या जोडाक्षराचा. स्कूल, स्टेशन, स्टूल. सुरुवातीलाच स आणि पुढे लगेच दुसरं व्यंजन. जिभेला हा उंबरठा उंच वाटतो. मग कुणी उंबरठ्याआधी पायरी घालतं: उत्तर प्रदेश-बिहारकडे ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’. कुणी दोन अक्षरांच्या मधे पायरी घालतं: पंजाबात ‘सकूल’, ‘सटेशन’. आणि आपल्याकडच्या जुन्या बायकांनी उंबरठाच काढून टाकला: ‘टेशन’, ‘ठेसन’. अडचण एकच, उपाय तीन. आता गंमत ऐका. पोर्तुगीज भाषेत शाळेला ‘इश्कोला’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘एस्क्वेला’. मूळ लॅटिन शब्दाच्या आधी हा इ किंवा ए नव्हता, तिथल्या लोकांनी तो पुढे लावला. म्हणजे बिहारचा मजूर ‘इस्कूल’ म्हणतो तेव्हा तो युरोपातल्या लोकांनी केलं तेच करतो. गोव्यात कोंकणीत आजही शाळेला ‘इस्कोल’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला.

दुसरा नियम शेवटच्या जोडाक्षराचा. फॉर्मचं फारम, फिल्मचं फिलम, कोर्टाचं कोरट. सुरुवातीला असलं तरी तेच: ग्लासचं गिलास, प्लेटचं पिलेट. दोन व्यंजनं एकमेकांना चिकटली की मधे एक छोटा स्वर सरकवायचा. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आयर्लंडमध्ये लोकांची रोजची भाषा इंग्रजी आहे, आणि तिथे कितीतरी माणसं फिल्मला ‘फिलम’च म्हणतात.

तिसरा नियम आपल्या भागातला. खेड्यात आपण विळ्याला ‘इळा’ म्हणतो, विचाराला ‘इचार’, विमानाला ‘इमान’. शब्दाच्या सुरुवातीला ‘वि’ आला की व गळतो. तर मग एखादी आजी व्हिडिओला ‘इडिओ’ म्हणाली, तर तिने इंग्रजी शब्द बिघडवला का? नाही. इळ्याला लावला तोच नियम तिने व्हिडिओला लावला.

चौथा नियम तर व्याकरणाच्या पुस्तकातला आहे. कष्ट, नष्ट, इष्ट या शब्दांत ट च्या आधी ष येतो, स नाही. कारण ट म्हणताना जीभ मागे वळते आणि ष सुद्धा तिथूनच निघतो. दोघं शेजारी. म्हणून पोस्टाचं ‘पोष्ट’ झालं, रजिस्टरचं ‘रजिष्टर’, लिस्टची ‘लिष्ट’. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकांत चांगले विद्वान लोकसुद्धा ‘ष्टेशन’, ‘पोष्ट’ असंच लिहीत. आणि आपली लाडकी ‘यष्टी’? ‘एक’ला ‘येक’ म्हणायची सवय, म्हणून एस् चं येस् झालं. त्यात स-ट शेजारी आले, म्हणून ष्ट झालं. एसटीची यष्टी झाली ती अशी दोन नियम पाळून.

पाचवी गोष्ट स्वरांची. बॅग, बँक यातला ‘ॲ’ आणि डॉक्टर, कॉलेज यातला ‘ऑ’ हे स्वर जुन्या मराठीत नव्हते. इंग्रजी शब्दांमुळे ते आले. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला ठरवून दिली तेव्हा ॲ आणि ऑ तीत घेतले. त्याआधी लोकांनी जवळचा स्वर वापरला. मराठवाड्यात, सोलापूरकडे अजून ‘ब्याग’, ‘ब्यांक’ ऐकू येतं. जुन्या मराठी छपाईतही ‘ब्यांक’ आणि ‘म्यानेजर’ आहेत. विदर्भात ‘डाक्टर’, ‘कालेज’ ऐकू येतं, शेजारी हिंदी आहे ना. आणि आपल्याकडचं ‘हाटेल’ नि ‘हापिस’ तर कुणालाच नवं नाही.

होमस्टे चालवणाऱ्या ताईंनी हे सगळं प्रत्यक्ष ऐकलेलं असेल. गुजरातकडचे पाहुणे हॉलला ‘होल’ म्हणतात आणि स्नॅक्सला ‘स्नेक्स’. स्नेक म्हणजे इंग्रजीत साप. पण म्हणून कुणी त्यांना साप वाढत नाही. आपल्याला कळतं, आपण कांदाभजी आणून ठेवतो. आखातात नोकरी करून आलेली माणसं आपल्या म्हसळा-श्रीवर्धन भागात घरोघरी आहेत. त्यांना विचारा, अरबी माणूस पेप्सीला काय म्हणतो? ‘बेब्सी’. अरबी भाषेत प नाहीच, तिथे बाटलीवरसुद्धा अरबीत ‘बेब्सी’ असंच लिहितात.

आपल्या किनाऱ्याला हे नवं नाही

परके शब्द आपल्या जिभेवर घेऊन आपले करायचे, हे काम आपला किनारा कित्येक शतकं करतो आहे. पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलला किल्ला बांधायला घेतला, ते तिथून गेले १७४० मध्ये. त्यांच्याकडून आलेले शब्द आज तुमच्या स्वयंपाकघरात आहेत: बटाटा, पाव, काजू, कोबी, अननस. चावी त्यांची, बादली त्यांची. इतकंच काय, ‘पगार’ हा शब्दही त्यांचाच. पोर्तुगीज माणूस पावाला ‘पांव’ असं नाकात म्हणतो. आपण नाकातलं सोडून दिलं. कुणाचं काही अडलं नाही.

अलिबाग आणि मुरूडच्या मधे कोर्लई आहे. तिथल्या किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिळून तयार झालेली एक वेगळी बोली बोलतात. ते लोक तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली. लिस्बनच्या माणसाला ती बोली ‘बिघडलेली’ वाटेल. पण ती घरात बोलली गेली, पोरांना त्याच बोलीत निजवलं गेलं, म्हणून ती टिकली.

आणि आपलं दिवेआगर तर मराठीच्या इतिहासात नाव असलेलं गाव. इथे सापडलेला ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. तो आज कुणी वाचून दाखवला तर आपल्याला बराचसा कळणार नाही. तेव्हाच्या माणसाला आपली आजची मराठी ऐकवली तर तोही म्हणेल, काय हे शब्द मोडून टाकलेत! भाषा हजार वर्षं जगते ती तोंडातोंडात बदलतच.

खुद्द इंग्रजांचं काय?

आपल्याला वाटतं, आपण चुकतो, ‘खरा’ उच्चार कुठेतरी इंग्लंडात ठेवलेला आहे. तिथे तरी एक उच्चार आहे का?

टोमॅटो घ्या. इंग्लंडमध्ये ‘टोमाटो’, अमेरिकेत ‘टोमेटो’. आपण म्हणतो ‘टोमॅटो’, म्हणजे दोघांचंही ऐकलेलं नाही. आणि मूळ शब्द मेक्सिकोतल्या तिथल्या रहिवाशांचा, ‘टोमाट्ल’. म्हणजे पहिला बदल युरोपातल्या लोकांनीच केला.

शेवटचं अक्षर इंग्लंडमध्ये ‘झेड’, अमेरिकेत ‘झी’. वेळापत्रकाला एक ‘शेड्यूल’ म्हणतो, दुसरा ‘स्केज्युल’. इंग्लंडच्या उत्तर भागात बसला ‘बुस’ म्हणतात. आणि आपला फॉर्म? लंडनकडचा माणूस त्यातला र उच्चारतच नाही, ‘फॉऽम’ म्हणतो. अमेरिकन माणूस र उच्चारतो. स्कॉटलंडचा माणूस र चांगला वाजवून म्हणतो. आपण फारम म्हणतो त्यात र निदान पूर्ण तरी ऐकू येतो.

बीबीसी या ब्रिटनच्या रेडिओला १९२६ मध्ये एक समिती नेमावी लागली, निवेदकांनी कुठला शब्द कसा उच्चारायचा हे ठरवायला. सगळे इंग्रज एकसारखे बोलत असते तर समिती कशाला लागली असती?

त्यात इंग्रजीचं लिहिणं आणि बोलणं यांची गाठ फार सैल. आपल्या देवनागरीत लिहितो तसंच जवळजवळ वाचतो. इंग्रजीत तसं नाही. कर्जाला एक शब्द आहे ‘डेट’. लिहिताना त्यात बी असतो, बोलताना नसतो. मूळ लॅटिन शब्दात बी होता म्हणून विद्वानांनी तो नंतर लिहिण्यात घुसवला. पावतीला ‘रिसीट’ म्हणतात, त्यात पी लिहितात आणि गिळतात. सैन्यातल्या कर्नलचं स्पेलिंग तर ‘कोलोनेल’ असं वाचता येईल. पुस्तकातून शिकलेल्याने ‘रिसीप्ट’ म्हटलं तर त्याचा दोष नाही. स्पेलिंगच तसं आहे.

आणि इंग्रजांनी आपले शब्द नेले तेव्हा काय केलं? मुंगूस हा शब्द इंग्रजीत मराठीतून गेला, तिथे तो ‘मॉंगूस’ झाला. आपल्या खाटेची ‘कॉट’ झाली. मग तीच कॉट दवाखान्यातून, शाळेच्या वसतिगृहातून आपल्याकडे परत आली, आणि आपल्याला वाटलं हा इंग्रजी शब्द आहे. साहेबाला ‘खाट’ म्हणता आलं नाही, म्हणून त्याला कुणी अडाणी म्हटल्याचं ऐकलंय?

मग हसू का येतं?

इंग्रजी शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आले. एक कानाची वाट. रेल्वेचे गँगमन, बोटीवरचे खलाशी, गिरणीतले कामगार, साहेबाच्या घरी काम करणाऱ्या बायका, यांनी ऐकले आणि घरी आणले. पलटण, लाटसाहेब, अर्दली, टमरेल, पंचर, लायसन हे त्या वाटेने आलेले शब्द. दुसरी डोळ्याची वाट. शाळेत, पुस्तकात बघून शिकलेले. डॉक्टर, युनिव्हर्सिटी, इन्शुरन्स.

दोन्ही वाटांनी शब्द बदलले. पण डोळ्याच्या वाटेने आले ते शिकलेल्यांनी छापले, शाळेत शिकवले, म्हणून ते ‘शुद्ध’ झाले. कानाच्या वाटेने आले ते छापले गेले तर ठीक, नाहीतर ‘गावंढळ’ ठरले. ‘पलटण’ छापली गेली म्हणून तिला कुणी हसत नाही, ‘फारम’ छापला गेला नाही म्हणून हसतात. दोघांत जिभेचा दोष काहीच नाही. फरक आहे तो कुणाला शाळा मिळाली आणि कुणाला मिळाली नाही एवढाच. आपल्यातल्या कितीतरी जणींची शाळा चौथीत सुटली ती धाकटी भावंडं सांभाळायला, सुपारी सोलायला. त्या सुटलेल्या शाळेला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही.

एक गोष्ट मात्र आपणही पाळायची. बांधकामावरचा बिहारी मुलगा ‘इस्कूल’ म्हणाला की आपण हसतो. कोळीवाड्यातली ताई ‘शाला’, ‘पानी’ म्हणाली की दुसऱ्या आळीतल्या कुणीतरी गालात हसतं. कारण तेच आणि चूकही तीच. बैठकीत आपल्याला कुणी हसू नये असं वाटत असेल, तर आधी आपण हसणं सोडू.

गप्प बसण्याची किंमत

हा विषय नुसत्या गमतीचा असता तर त्यासाठी पानं खर्च केली नसती. उच्चाराच्या लाजेने बाई प्रश्न विचारत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला पैसे पडतात.

एक नेहमीचं उदाहरण. पासबुकात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये कापलेले दिसतात, नाहीतर २० रुपये. पुढे इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. वाचता येत नाही, विचारायला शब्द सुचत नाही, मग “कापले असतील कशाचे तरी” म्हणून सोडून देतो. ते ४३६ रुपये बहुतेक वेळा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे असतात आणि २० रुपये सुरक्षा विमा योजनेचे. पहिल्यात विमा चालू असताना कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाला तर २ लाख. आता विचार करा. घरातल्या माणसाचा विमा आहे हेच माहीत नसेल, तर त्याच्यामागे दावा करणार कोण? आणि विमा नको असताना पैसे कापले जात असतील, तर ते थांबवायला सांगणार कोण?

हा प्रश्न विचारायला ‘इन्शुरन्स’ म्हणता यायला हवं का? नाही. पासबुकातल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं: “साहेब, हे ४३६ रुपये कशाचे कापले? मला सांगा.” या वाक्यात एकही इंग्रजी शब्द नाही.

आणि हे पण माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे खातं उघडायचा अर्ज, पैसे भरायची स्लिप, पासबुक हे सगळं इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तीन भाषांत उपलब्ध असलं पाहिजे. चेकसुद्धा मराठीत लिहिता येतो. त्यामुळे “मराठी अर्ज द्या” हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. फोनवर कुणी सफाईदार इंग्रजी-हिंदी बोललं म्हणून तो बँकेचा माणूस ठरत नाही. फसवणारे लोक भाषेचाच रुबाब दाखवतात, आपण दबतो आणि ओटीपी सांगून टाकतो. चांगला उच्चार हा ओळखपत्राचा पुरावा नव्हे. ओटीपी आणि पिन कुणालाच सांगायचा नाही, मग समोरचा कसाही बोलो.

इथे मात्र उच्चार सांभाळा

फारम म्हणा, फॉर्म म्हणा, काम होतं. पण काही जागा अशा आहेत जिथे एका आवाजाने घोटाळा होतो. त्या पाठ करून ठेवा.

१. रक्कम. इंग्रजीत १५ ला ‘फिफ्टीन’ आणि ५० ला ‘फिफ्टी’. १३-३०, १६-६० यांचंही असंच. फोनवर ही जोडी इंग्रजांनासुद्धा नीट ऐकू येत नाही. म्हणून रक्कम नेहमी मराठीत सांगा आणि मग एकेक आकडा सुटा म्हणा: “पंधरा हजार. एक, पाच, शून्य, शून्य, शून्य.” समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. होमस्टेचं बुकिंग घेताना, पापड-मसाल्याची ऑर्डर घेताना हीच सवय ठेवा.

२. इंग्रजी अक्षरं. बी, डी, पी, टी, जी ही अक्षरं फोनवर सारखीच ऐकू येतात. एम आणि एन सुद्धा. जहाजांवर आणि विमानांत जगभरची माणसं वेगवेगळ्या उच्चारांची असतात, तिथे ही चूक परवडत नाही. म्हणून तिथे अक्षराऐवजी ठरलेले शब्द बोलतात: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. १९५६ पासून ही पद्धत चालू आहे. जहाजावर नोकरी करणारा मुलगा आळीत असेल तर त्याला विचारा, तो सगळी यादी म्हणून दाखवेल. आपण आपली यादी करू: बी बटाट्याचा, डी डब्याचा, पी पपईचा, टी टोपलीचा, जी गणपतीचा, एम मोदकाचा, एन नारळाचा.

३. आयएफएससी कोड. यात ११ खुणा असतात. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, पुढच्या सहा खुणा शाखेच्या. इंग्रजीत आकडे वाचताना पुष्कळ जण शून्याला ‘ओ’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. पाचव्या जागी ओ नाही, शून्य आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

४. आपलं नाव. नाव मराठीत एकच, पण इंग्रजीत त्याची स्पेलिंगं अनेक. लक्ष्मी कुणी ‘एल-ए-एक्स-एम-आय’ लिहितं, कुणी ‘एल-ए-के-एस-एच-एम-आय’. दीपालीमध्ये कुणी दोन ई घालतं, कुणी एक आय. दक्षिणेकडे त साठी टी-एच लिहायची पद्धत आहे, म्हणून तिकडच्या लता, गीता यांच्या स्पेलिंगमध्ये एच असतो, आपल्याकडे नसतो. उच्चारात कितीही फरक असला तरी चालतो, कागदावर चालत नाही. आधार, पॅन, पासबुक तिन्हींवर स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक असलं पाहिजे. नाहीतर केवायसी अडकतं आणि कर्ज मंजूर होऊनही पैसे खात्यात येत नाहीत. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असेल तर तेही आत्ताच बघून घ्या.

पुढच्या बैठकीत करून बघा

एक. प्रत्येकीने आपल्या माहेरी बोलला जाणारा एक इंग्रजी शब्द, तिथे म्हणतात तसा सांगायचा. माहेर माणगावचं असो, रत्नागिरीचं की सोलापूरचं. सचिवांनी यादी लिहायची. किती वाटांनी शब्द आलेत ते दिसेल.

दोन. सगळ्यांनी आधार आणि पासबुक आणायचं. शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून जुळवायचं. ज्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत त्यांनीही जुळवायचं, चित्रासारखं. फरक दिसला की खूण करा आणि गटाच्या वहीत नोंद करा, म्हणजे दुरुस्तीसाठी सगळ्या जणी एकदमच जाता येईल.

तीन. पासबुकात न कळलेली एक तरी नोंद प्रत्येकीने शोधायची आणि बँकेत जाऊन स्वतः विचारायची. सून बरोबर असू दे, मुलगी बरोबर असू दे, पण तोंड तुम्ही उघडायचं. फारम म्हणालात तरी चालेल, उत्तर घेतल्याशिवाय मात्र निघायचं नाही. काय उत्तर मिळालं ते त्या पुढच्या बैठकीत सांगा, आपण ते इतिवृत्तात लिहू.